हत्याराची पारख



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर बोलावयाचे असते असा एक समज आहे. त्यामुळे आमच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही मंडळी हसली असतील, तर त्यात नवल नाही. हातोडी, पक्कड, पटाशी आणि कानस यांवर तासभर काय बोलणार? त्यातून बोलणारा इंजिनीयर नव्हे की प्राध्यापक नव्हे. आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर, कामगारांच्या खोल्यांतून आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण इतकी वर्षे कामगारांत वावरून आमची एक खात्री झाली आहे. ज्याला हत्यार पारखता येत नाही, त्याच्या कमाईला दोन ठिकाणी कात्री लागते. एकदा मजुरी ठरताना आणि दुसऱ्यांदा बाजारात. पहिल्या ठिकाणी भांडावयास युनियन आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याचे स्वतःचे ज्ञान हीच त्याची युनियन.

पूर्वी आपल्या खेड्यांत ही पारख करण्याची गरज फारशी पडत नसे. वखराची पास, विळा, कुऱ्हाड घडविणारा लोहार गावातच राहत असे. त्याला बलुते मिळे ते वर्षभराच्या कामाबद्दल. ऐन पेरणीच्या तोंडावर पास वाकली, तर शेतकरी त्याच्या भात्यापुढे जाऊन उभा राही आणि ती पुन्हा तापवून ठोकून द्यावी लागे. म्हणजे वाईट काम ज्याने केले, त्याच्याच अंगावर ते येई. त्या पद्धतीत जातीची बेडी होती, अन्याय होता. ती परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तीत एक गोष्ट होती. करणारा आणि वापरणारा एकमेकांच्या डोळ्यांपुढे होते. आज आपल्या हातातली पक्कड नाशिकला झालेली असेल, जालंधरला झालेली असेल, नाहीतर चीनमध्ये. करणाऱ्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही. पूर्वी हत्यार करणारा ओळखीचा होता. आता हत्यारच ओळखावे लागते.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्यापुरते अधिक जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हिंगणघाटला आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कित्येक पिढ्या त्यांच्या भोंग्यावर उठल्या आणि झोपल्या. पुलगावचा भोंगा आता वाजत नाही. गिरणी बंद होते तेव्हा पगार बंद झाला एवढेच लोकांना दिसते. गिरणीबरोबर हत्यारांची खोलीही बंद होते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. फिटर ज्या पान्याने काम करी तो पाना गिरणीचा, आणि तो पारखून घेणारा भांडारवालाही गिरणीचा. घरी येताना माणसाबरोबर येतात ते फक्त त्याचे हात. मग तो मागच्या पडवीत एक मेज मांडतो आणि कूलर, पंप, सायकली, शिवणयंत्रे, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करू लागतो. हातात आलेल्या थोड्या पैशांतून त्याला हत्यारे घ्यावयाची असतात. ती सहा महिन्यांत मोडली, तर धंदाच मोडतो.

अशाच एका तरुणाबरोबर आम्ही हार्डवेअरच्या दुकानात उभे होतो. एक पेचकस हातात घेऊन तो म्हणाला, "भाऊ, या एकाच्या पैशात ते दुसरे तीन येतेत. एक मोडला त दोन रायतेतच ना!" शेजारी एक म्हातारा जॉबर उभा होता. तो न हसता म्हणाला, "बापू, तीन मोडके मिळून एक साबूत होत नाई."

या दोघांच्या वादात खरे कोण? स्वस्त घेऊच नये, असे म्हणणे गरिबाची थट्टा करण्यासारखे आहे. आणि महाग ते चांगलेच, हेही खरे नाही. मग मोजावयाचे कशाने?

मंडळी, हे माप शोधावयास आपल्याला दूर जावयास नको. गांधीजी वर्ध्यास राहावयास येण्यापूर्वीची, १९२९ सालची गोष्ट आहे. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे लाख रुपये! त्याच्या अटी आम्हांला फार महत्त्वाच्या वाटतात. यंत्र हलके आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालविता येण्याजोगे असावे. एका बाईला त्यावर फार न दमता आठ तास काम करता यावे. त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते २० वर्षे टिकावे आणि दर वर्षीच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा ५ हून अधिक नसावा.

जरा हिशेब करून पाहा. दीडशेचे शेकडा ५ म्हणजे साडेसात रुपये. २० वर्षांची दुरुस्ती दीडशे रुपये, मूळ किंमत दीडशे. एकूण ३००, म्हणजे वर्षाला १५ रुपये. हत्याराची खरी किंमत ही अशी काढावयाची असते. दुकानदार सांगतो तो आकडा त्या किमतीचा फक्त पहिला हप्ता असतो. समजा, ८० रुपयांचा पेचकस सहा महिन्यांत वाकला आणि २५० चा दहा वर्षे चालला. पहिला वर्षाला १६० रुपयांना पडला, दुसरा २५ ना. आणि पहिल्याने ज्या स्क्रूंची डोकी खाल्ली, त्यांचा हिशेब आम्ही यात धरलेलाच नाही.

ते बक्षीस शेवटपर्यंत कोणाला मिळाले नाही. किर्लोस्करवाडीहून एक यंत्र आले होते, पण तेही सगळ्या अटींना उतरले नाही. यावरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. स्वस्त, हलके, टिकाऊ आणि दुरुस्त होणारे असे सगळे गुण एका वस्तूत आणणे अत्यंत कठीण आहे. तेव्हा कोणी ते सगळे ९९ रुपयांत देतो म्हणाला, तर त्याने यातले काहीतरी सोडले आहे हे समजून असावे. काय सोडले आहे, एवढेच आपण शोधावयाचे. जे सोडले ते आपल्या कामाला लागत नसेल, तर ती वस्तू खुशाल घ्यावी. लागत असेल, तर ठेवून द्यावी.

पुढे डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत बसून घाणी, चक्की, चूल यांच्याकडे याच नजरेने पाहू लागले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. तेथे आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या सहलीत एकदा जाऊन आले असतील. आमची विनंती आहे की, एकदा मोठेपणी जावे आणि प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून विचारावे: हे कोण वापरणार, किती वेळ वापरणार, आणि मोडले तर कोण दुरुस्त करणार? दुकानात उभे राहून विचारावयाचे प्रश्न हेच आहेत.

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळू. पहिली गोष्ट पोलादाची. पोलादाला आपण 'पाणी देतो' म्हणजे ते लाल तापवून एकदम थंड करतो. त्याने ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन गुण एकमेकांशी भांडतात, आणि प्रत्येक हत्यारात त्यांची तडजोड वेगळी असते. कानस फार कठीण हवी, म्हणून ती आपटली की तुकडे होतात. हातोडीचे तोंड कठीण पण मधला दांड्याच्या भोकाजवळचा भाग चिवट हवा. लोखंड तोडण्याच्या छिन्नीची धार कठीण पण डोके मऊ हवे. चांगला कारखानदार हे एकाच तुकड्यात साधतो. वाईट कारखानदार सगळा तुकडा सारखाच सोडून देतो आणि त्यावर चकचकीत मुलामा चढवितो.

ही तडजोड ओळखण्यास चार साधने पुरेत, आणि ती आपल्याजवळ आहेत: डोळा, कान, हात आणि एक चांगली बारीक कानस.

डोळ्याने पाहावे ते असे. हातोडीच्या दोन्ही अंगांवरून साच्याची उभी रेघ गेलेली असेल आणि अंग वाळूसारखे खरबरीत असेल, तर ती ओतीव असण्याचा संभव मोठा. बिडाची हातोडी लोखंडावर मारण्यास धोक्याची. तिचा टवका उडतो. रंगाचा जाड थर दिसला की विचारावे, याखाली काय झाकले आहे? धार, तोंड आणि सांधा यांच्यावर रंग असण्याचे कारण नाही.

कानाचे काम आपल्या घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे. उन्हाळ्यात माठ घेताना त्या बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तर घेतात, बद्द वाजला तर खाली ठेवतात. हातोडीचे सुटे डोके दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडाने हलकेच वाजवावे. घडीव पोलाद नाद देते. बीड किंवा तडकलेले पोलाद बद्द बोलते. मात्र दोन हातोड्यांची तोंडे एकमेकींवर कधीही आपटू नयेत. दोन्ही कठीण असतात आणि त्यांतून उडालेली कपची बंदुकीच्या गोळीसारखी डोळ्यात जाते.

कानशीची परीक्षा सगळ्यांत खरी. पटाशीच्या धारेजवळच्या कोपऱ्यावर कानस हलकेच ओढावी. ती जवळजवळ घसरून गेली तर पाणी बरोबर आहे. लोण्यात सुरी जावी तशी ती खाऊ लागली, तर ती पटाशी दुपारपर्यंतही धार धरणार नाही. पेचकसाच्या टोकावर आणि हातोडीच्या तोंडावर कानस थोडीशी लागते, पण सहज लागता कामा नये. दुकानदार हे करू देणार नाही, असे आपण म्हणाल. एक वस्तू विकत घ्यावी, घरी परीक्षा करावी आणि उतरली तर बाकीच्या त्याच खेपेतून घ्याव्या.

आता एकेका हत्याराच्या खुणा थोडक्यात सांगतो.

गुण्या घेताना सरळ कडेच्या फळीवर तो टेकवून एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी ओढावी. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फट दिसली, तर गुण्याची चूक फटीच्या निम्मी आहे. पाणसळीचीही तीच तऱ्हा. ती मेजावर ठेवून बुडबुडा पाहावा, मग तिची टोके अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा पाहावा. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला तेवढाच राहिला, तर पाणसळ खरी. मेज तिरके असले तरी चालेल. या परीक्षेला दमडी लागत नाही.

पक्कड उजेडासमोर धरून मिटावी. टोके आधी भेटली पाहिजेत आणि कापण्याच्या कडांमधून उजेड दिसता कामा नये. मग जबडे आडवे हलवून पाहावेत. सांधा डुगडुगला तर ती परत द्यावी. कापण्याच्या कडेने पातळ कागद कापून पाहावा. तो चुरगळला तर तार नीट कापली जाणार नाही.

करवत वाकवून सोडावी. ती सरळ परतली पाहिजे. तिच्या पाठीवरून एक डोळा मिटून पाहावे. हल्ली काळसर निळ्या दातांची करवत मिळते. ती स्वस्त असते आणि पहिल्या दिवशी फार छान कापते. पण ते दात इतके कठीण असतात की कानस त्यांना लागत नाही, म्हणून धार गेली की करवत टाकावी लागते. वर्षातून चार फळ्या कापणाऱ्याने ती जरूर घ्यावी. रोज कापणाऱ्याने धार लावता येणारी घ्यावी. हत्यार तेच, पण उत्तर माणसागणिक निराळे.

पाना घेताना खिशात चांगला नट घेऊन जावे. नटावर बसविल्यावर पाना डुलला, तर तो नटाचे कोपरे खाईल आणि एक दिवस सटकून आपल्या बोटांची साले काढील. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोरलेली असतात. त्या अक्षरांवरून एवढेच सिद्ध होते की कारखान्यात ती अक्षरे कोरण्याचा ठसा होता. सरकारी खूण मात्र पडताळून पाहता येते. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली, आणि १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्युरो करतो. आय.एस.आय. चिन्हाजवळ परवान्याचा क्रमांक असतो, आणि तो आता मोबाइलवर तपासता येतो. चिन्ह असले तर क्रमांकही पाहावा.

दांड्याविषयी वेगळे सांगावयास हवे, कारण आपले ऊन वेगळे आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि लाकूड सुकून आकसते. पावसाळ्यात घट्ट बसलेली हातोडी वैशाखात सैल होते आणि डोके उडते. पुष्कळ लोक ती पाण्याच्या बादलीत टाकतात. लाकूड फुगते, घट्ट होते. पण भोकात दबलेले तंतू चेपतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा सैल होतो. खरा उपाय पाचरीचा. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीत सरळ गेलेले आहेत की आडवे फुटले आहेत, हे घेतानाच पाहावे. डोके चांगले आणि दांडा वाईट असेल, तर हातोडी सोडू नये. आपल्याकडे बाभूळ आहे, सुतार आहे. दांडा बदलता येतो, डोके बदलता येत नाही.

जुन्या बाजारातले हत्यारही वर्ज्य मानू नये. वरचा तांबेरा घासून जातो. धारेजवळ खोल खड्डे पडले असतील तर मात्र घेऊ नये. चीर शोधण्याची युक्ती रेल्वेच्या कारखान्यांत वापरीत असत: रॉकेल लावून पुसून टाकावे आणि वर खडू घासावा. चिरेत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने खडूवर ओल्या रेघेसारखे उमटते. धारेवर निळी झाक दिसली, तर कोणीतरी चाकावर ती जास्त तापवून तिचे पाणी उतरविले आहे असे समजावे.

मग काटकसर करावयाची कोठे? आमचे सूत्र असे आहे: जे कापते, जे मोजते आणि जे फुटले तर अंगात घुसते, तेथे पैसा वाचवू नये. पेटी, मेज, मूठ, लाकडी मोगरी या गोष्टी घरी कराव्या. वर्षातून एकदा लागणारे हत्यार शेजाऱ्याचे आणावे. याहूनही चांगले म्हणजे पाच-सात घरांनी मिळून जड हत्यारांची एक पेटी करावी, तिची वही ठेवावी, आणि किमतीचे शेकडा ५ दर वर्षी दुरुस्तीसाठी बाजूला टाकावे. एकट्याला जे परवडत नाही ते सातांना परवडते, हे युनियनवाल्याने वेगळे सांगावयास नको.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट. १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या रक्षणासाठी ३५ वे कलम स्वतंत्र घातले गेले. ते सहजासहजी आले नाही; त्यामागे पुष्कळ कामगारांचे गेलेले डोळे आहेत. पण घराच्या पडवीत इन्स्पेक्टर येत नाही. तेथे मालकही आपणच आणि मजूरही आपणच. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून भूछत्रासारखे फाकते; त्याची कड घासून काढल्याशिवाय तिच्यावर घाव घालू नये, कारण ती कड तुटून उडते. मुठीशिवाय कानस वापरू नये. तिचे शेपूट तळहातात शिरते. कानशीने काही उचकटू नये. आणि चष्मा हे हत्यारच आहे, ते पेटीत पहिले असावे. जी माणसे कारखान्यात चष्म्यासाठी संपावर जातात, तीच घरी उघड्या डोळ्यांनी छिन्नी मारतात, हे आम्ही पाहिले आहे. हे बरे नव्हे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावी शिक्षण परिषद भरली आणि मुलांनी हाताच्या उद्योगातून शिकावे असा विचार देशापुढे मांडला गेला. तो पुढे किती चालला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण आपली मुले-मुली दहावी-बारावी होतात आणि त्यांना गुण्या खरा की खोटा हे सांगता येत नाही, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला शोभणारी नाही. दोन रेघांचे काम आहे. आज घरी गेल्यावर मुलांकडून ते करून घ्यावे. भूमितीही कळेल आणि बाजारही कळेल.

या टेबलावर आम्ही काही हत्यारे मांडली आहेत: दोन हातोड्या, दोन पटाश्या, तीन पक्कडी आणि एक गुण्या. त्यांत काही चांगली आहेत, काही वाईट. कोणती कोणती ते मुद्दाम सांगत नाही. किमतीच्या चिठ्ठ्याही काढून टाकल्या आहेत. अध्यक्षांचे भाषण झाल्यावर आपण पुढे यावे, वाजवून पाहावे, उजेडासमोर धरून पाहावे आणि आपला निवाडा द्यावा. भगिनींनीही यावे, माठ वाजविणारे कान येथे फार उपयोगी पडतील.